अल्प देखभालीची बाग : भिलाईच्या अंगणासाठी वृक्ष व झुडपांची निवड

भिलाई हे आखून वसविलेले नगर आहे. १९५५ मध्ये भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखान्याच्या उभारणीस प्रारंभ झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच सेक्टरनिहाय वसाहत उभी राहिली. रुंद रस्ते, दुतर्फा वृक्षराजी आणि बहुतेक घरांपुढे-मागे थोडीशी मोकळी जागा, हे या वसाहतीचे वैशिष्ट्य. विदर्भातून नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे येथेच स्थायिक झाली. त्यांपैकी काहींनी कारखान्याची घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली, तर काहींनी नेहरूनगर, स्मृतिनगर, रिसाली या भागांत स्वतःची घरे बांधली.

या घरांभोवतीच्या बागा ज्या काळात फुलल्या तो काळ निराळा होता. पाणी मुबलक होते, माळी सहज मिळत असे आणि घरात कामाला हात पुष्कळ होते. त्यामुळे पुढे हिरवळ, कडेला गुलाबाचे वाफे, हिवाळ्यात शेवंती व डेलियाच्या कुंड्या असा थाट सर्वत्र दिसे. आज त्याच घरांत बहुधा दोन ज्येष्ठ नागरिक राहतात. मुले पुण्यास वा बंगळुरूस असतात. निवृत्त ग्राहकांशी शाखेत गप्पा होतात तेव्हा व्याजदरानंतर निघणारा दुसरा विषय हाच असतो, की बागेचे आता करायचे काय? या प्रश्नाची दोन उत्तरे प्रचलित आहेत. पहिले, बाग वाढेल तशी वाढू देणे. दुसरे, सारे अंगण उकरून त्यावर फरशी वा पेव्हर ब्लॉक बसविणे.

दुसऱ्या उत्तराने झाडलोट सोपी होते हे खरे. तथापि मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास तापणाऱ्या या प्रदेशात उघडी फरशी दिवसभर उष्णता शोषते आणि सायंकाळी तीच घराच्या भिंतींना परत करते. पावसाचे पाणीही जमिनीत न मुरता गटारात वाहून जाते. येथे वर्षाला साधारण बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि उरलेले आठ महिने जमीन जवळजवळ कोरडी असते. चार महिन्यांच्या पाण्यावर बारा महिने तग धरणारी झाडे निवडणे, हाच या समस्येवरील टिकाऊ उपाय होय.

भांडवली खर्च आणि महसुली खर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास भांडवली खर्च व महसुली खर्च हा भेद प्रथम वर्षीच शिकवितात. बागेच्या बाबतीत आपण बहुधा रोपाची किंमत, म्हणजे भांडवली खर्च पाहतो. पाणी, छाटणी, फवारणी, पानांचा कचरा, माळ्याची मजुरी हा महसुली खर्च मात्र रोपवाटिकेतील चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. तो दरवर्षी येतो आणि आपले वय वाढेल तसा अधिक जड वाटू लागतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे हिरवळ. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ टिकवायची तर अगदी काटकसरीने धरले तरी रोज पाच मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या हिरवळीस रोज ५०० लिटर आणि मार्च ते मे या तीन महिन्यांत सुमारे ४५,००० लिटर! याउलट नव्याने लावलेल्या बारा रोपांना प्रत्येकी वीस लिटर, आठवड्यातून दोनदा दिले तरी आठवड्याचा हिशेब ४८० लिटरवर थांबतो. हिरवळीचा एका दिवसाचा खर्च त्याहून अधिक आहे. शिवाय रोपांना हे पाणी पहिली दोन वर्षेच लागते. हिरवळीला ते कायम लागते, आणि पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी कापणीही लागते. नातवंडांना खेळायला गवत हवेच असेल तर चटईएवढा तुकडा राखावा आणि त्यात आपली साधी हरळीच वाढू द्यावी. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, पहिल्या पावसाने पुन्हा हिरवी होते. तिला तसे होऊ देण्याची मनाची तयारी मात्र हवी.

आधी जुन्या झाडांचा ताळेबंद

बागेची पुनर्रचना म्हणजे सारे काढून नव्याने लावणे, असा एक समज आहे. वस्तुतः अंगणात तीस-चाळीस वर्षांचा आंबा, कडुलिंब किंवा जांभूळ उभा असेल तर ती सर्वांत मोलाची मालमत्ता आहे. त्याची मुळे खोल गेलेली आहेत आणि त्याला आपल्या पाण्याची गरज उरलेली नाही. असे झाड निरोगी असेल तर उर्वरित बाग त्याच्याभोवती बेतावी. खोड पोकळ वाजत असेल, झाड घराकडे कलले असेल, बुंध्याशी वाळवीची माती चढली असेल किंवा फांद्या वीजवाहिनीस भिडत असतील, तरच जाणकारास दाखवून छाटणीचा वा तोडण्याचा विचार करावा. तोडण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी आणि घर भाडेपट्ट्याचे असेल तर त्याच्या अटीही वाचाव्यात.

जमिनीची परीक्षा

छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनीची चार नावे सांगतो : भाटा, मटासी, डोरसा व कन्हार. उंचवट्यावरची लालसर, खडेयुक्त, पाणी न धरणारी ती भाटा. विदर्भातील वाचकांनी आपली मुरमाड जमीन डोळ्यांपुढे आणावी. सखल भागातील चिकण काळी ती कन्हार, उन्हाळ्यात भेगाळणारी. पिवळसर, हलकी मटासी आणि मध्यम प्रतीची डोरसा या दोहोंच्या दरम्यान येतात. घराच्या आवारात या मूळ मातीवर बांधकामाचा राडारोडाही पसरलेला असतो, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात येत नाही.

परीक्षा सोपी आहे. दोन फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. पाणी तासा-दोन तासांत नाहीसे झाले तर जमीन भाट्याच्या जातीची समजावी. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर कन्हारची. भाटा जमिनीत खड्डा मोठा घेऊन त्यात गाळाची माती व कुजलेले शेणखत भरावे. कन्हारमध्ये याच्या उलट, रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. अन्यथा जुलै-ऑगस्टमध्ये मुळांशी पाणी साचून ते दगावते. नेमके विश्लेषण हवे असेल तर रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात वा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासणीची चौकशी करावी.

सावली कोणत्या बाजूस?

अल्प देखभालीच्या बागेत झाडे मोजकीच असणार. म्हणून प्रत्येक झाडाने काही काम करावयास हवे, आणि भिलाईत पहिले काम सावलीचे. हे नगर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. येथे ज्याला नौतपा म्हणतात तो नऊ दिवसांचा कडक उन्हाळा २५ मेच्या सुमारास सुरू होतो आणि त्याच दिवसांत मध्याह्नीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी छपराला झाडाची सावली मिळणे कठीण. परंतु दुपारी दोननंतर सूर्य पश्चिमेकडे उतरतो आणि पश्चिमेची भिंत तापू लागते. शयनगृह त्या बाजूस असेल तर रात्री बारापर्यंत भिंतीला हात लावून पाहावा, म्हणजे झाडाचे मूल्य कळते.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. पश्चिमेस असे झाड हवे, ज्यावर एप्रिल-मेमध्ये पाने असतात. बहावा (येथील रोपवाटिकेत अमलतास) हा आपला अत्यंत देखणा वृक्ष. पण ऐन उन्हाळ्यात तो पाने ढाळून पिवळ्या घोसांनी लहडतो. डोळ्यांना गारवा मिळतो, भिंतीला मिळत नाही. कडुलिंब व करंज यांची पानगळ मात्र उन्हाळा भरात येण्यापूर्वीच आटोपते आणि एप्रिल अखेरपर्यंत दोघेही नव्या पालवीने दाट झालेले असतात. यास्तव पश्चिमेस वीस-पंचवीस फूट मोकळी जागा असेल तर करंज वा कडुलिंब यांपैकी एकच लावावा, भिंतीपासून किमान वीस फुटांवर.

अर्थात चाळीस बाय साठ फुटांच्या भूखंडावर इतकी जागा क्वचितच मिळते. पुढे पंधरा फूटच असतील तर बकुळ निवडावी. येथे तिला मौलश्री म्हणतात. ती सदाहरित आहे, दाट आहे, आणि सावकाश वाढते. रोप घेताना सावकाश वाढणे हा दोष वाटतो. प्रत्यक्षात दरवर्षीची छाटणी त्यामुळेच वाचते. कुंपणाच्या कोपऱ्यात, भिंतीपासून दहा-बारा फुटांवर लावलेली बकुळ पुढच्या पिढीलाही अडचण करणार नाही.

दक्षिणेचा हिशेब वेगळा. डिसेंबरात रात्री थंड असतात आणि सकाळचे कोवळे ऊन हवेसे वाटते. ते दक्षिणेकडूनच येते. त्या बाजूस हिवाळ्यात निष्पर्ण होणारा पांढरा चाफा योग्य. त्याची फांदी तोडून आठवडाभर सावलीत सुकवावी व मातीत खोचावी, एवढ्यावर तो येतो. खतपाणी जवळजवळ लागत नाही. उलट पाणी साचले तरच तो कुजतो. त्याचा चीक मात्र त्वचेस व डोळ्यांस लागू देऊ नये. पूर्वेस बहावा किंवा कांचन (कचनार) शोभतो. तामण, म्हणजे महाराष्ट्राचे राज्यपुष्प, येथे जरूल या नावाने मिळते. त्याला ओलावा प्रिय असल्याने डोरसा किंवा कन्हार जमिनीतच त्याचा विचार करावा.

फळझाडांचा मोह

परसदारी फळझाड हवेच, असा बहुतेकांचा आग्रह असतो आणि तो योग्यही आहे. भाटा जमिनीसाठी सीताफळाइतके सोशिक फळझाड दुसरे नाही. छत्तीसगढमधील कांकेरचे सीताफळ प्रसिद्धच आहे. ते खडकाळ, उथळ जमिनीत येते, उन्हाळ्यात पाने गाळून पाण्याची गरज स्वतःच कमी करते आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. फळांवर पिठ्या ढेकूण येतो, एवढीच काय ती काळजी. आवळाही तितकाच काटक. परंतु एकट्या झाडाला फळ बेताचे धरते, दोन भिन्न वाणांची कलमे जवळपास असावी लागतात. शेजाऱ्याकडे आवळा असल्यास एकाने काम भागते, हा शेजारधर्माचा आणखी एक लाभ!

शेवग्याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, कारण येथील मुनगा हा छत्तीसगढी स्वयंपाकघराचा प्राण आहे आणि तो नको म्हणणे धाडसाचे आहे. झाड झपाट्याने वाढते, शेंगा भरपूर देते. पण त्याचे लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके येतात. ज्या घरात छाटणी करणारे कोणी नाही तेथे तो भिंतीपासून दूर, परसाच्या टोकालाच असावा.

लिंबू लावणार असाल तर त्याच्या शेजारी कुंती (कामिनी) लावू नये. दोन्ही झाडे एकाच कुळातील असून लिंबूवर्गीय झाडांवरील सायला ही कीड कुंतीवरही पोसली जाते. विदर्भातील संत्रा बागायतदारांस या किडीची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. कढीपत्त्यावरही ती येते, म्हणून त्यालाही लिंबापासून अंतरावर ठेवावे.

झुडपे : कमी, पण नेमकी

झुडपांची निवड करताना एकच प्रश्न विचारावा : याला वर्षातून किती वेळा हात लावावा लागेल? कुंपणाला सोनेरी डुरांटा लावण्याची पद्धत आहे. तो सुबक दिसतो, परंतु पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी कात्री मागतो. त्याऐवजी लिंबू नसलेल्या अंगणात कुंती उत्तम. वर्षातून एक-दोन छाटण्यांत ती दाट राहते आणि पाऊस पडून गेल्यावर साऱ्या आळीत सुगंध दरवळतो. तगर (चांदनी) वर्षाचा बराच काळ पांढरी फुले देते, देवपूजेस उपयोगी पडते आणि तिच्यावर रोगकिडीही फारशा येत नाहीत. पारिजातक म्हणजे येथील हरसिंगार हा तर मध्य भारतातील कोरड्या डोंगरउतारांवरचाच रहिवासी. भाटा जमिनीत तो आनंदाने राहतो. अडुळसा गुरे खात नाहीत, म्हणून रस्त्याकडील कुंपणास तो योग्य.

बोगनवेल ही मूळची दक्षिण अमेरिकेची, पण कमी पाण्याच्या बागेत तिला तोड नाही. पाणी जास्त दिले तर ती पाने वाढवते, थोडा ताण दिला की फुलते. काटे आहेत, म्हणून वाटेच्या कडेला मात्र नको. कण्हेरही अतिशय काटक, महामार्गांच्या दुभाजकांवर ती याच गुणामुळे लावतात. तथापि तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात लहान मुले असतील वा गाय दारात येत असेल तर ती टाळावी.

जास्वंद व गुलाब यांच्या चाहत्यांचा रोष पत्करून सांगावेसे वाटते, की ही दोन्ही झाडे अल्प देखभालीची नव्हेत. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण ठरलेला, आणि गुलाबास छाटणी, खत, फवारणी सारे वेळेवर हवे. आवड असेल तर दाराजवळ एक-दोन ठेवावीत, रांग लावू नये. एक्झोरास आम्लधर्मी माती मानवते, म्हणून कन्हार जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात.

आणखी काही झाडांविषयी सावधगिरी हवी. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे भिंती व मलवाहिन्यांत शिरतात. ही झाडे मैदानाची व देवळाच्या आवाराची. गुलमोहराची मुळे उथळ व फांद्या ठिसूळ असल्याने घरालगत तो धोक्याचा. सप्तपर्णी ऑक्टोबरच्या सुमारास इतक्या उग्र गंधाने फुलते की दम्याचा विकार असणाऱ्यांस ती सोसत नाही. अलीकडे झटपट हिरव्या भिंतीसाठी कोनोकार्पस लावण्याची टूम निघाली होती. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. परागकणांमुळे होणारा त्रास व जमिनीखालील वाहिन्यांना मुळांपासून होणारी हानी ही त्यामागील कारणे होत. रोपवाटिकेत तो दिसला तरी घेऊ नये.

लागवड आणि पहिली दोन वर्षे

खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत. मोठ्या झाडासाठी तीन फूट लांब, रुंद व खोल, झुडपासाठी दीड फूट पुरे. भाटा जमिनीत वाळवीचा उपद्रव फार, म्हणून अर्धवट कुजलेले शेण कधीही घालू नये. पूर्ण कुजलेले खत आणि सोबत निंबोळी पेंड घालावी. पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले, की जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत लागवड उरकावी. ऑगस्ट अखेरीस लावलेल्या रोपाला मुळे पसरण्यास ओला काळ पुरेसा मिळत नाही.

रोप तीन-चार फुटांचेच घ्यावे. आठ फुटांचे झाड विकत घेण्याचा मोह होतो, परंतु पिशवीत त्याची मुळे गोल गुंडाळलेली असतात आणि अशी झाडे वर्षानुवर्षे रुसल्यासारखी राहतात. पिशवी पूर्ण काढून, गुंडाळलेली मुळे हाताने मोकळी करून मगच रोप लावावे. काठीचा आधार व गुराढोरांपासून संरक्षणासाठी जाळी लावावी.

पाण्याबाबत सर्वसाधारण रीत अशी की रोज सायंकाळी नळी धरून थोडे थोडे पाणी शिंपडायचे. त्याने मुळे वरच्या थरातच राहतात व झाड कायमचे आपल्यावर अवलंबून राहते. त्याऐवजी आळे करून पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा, पण भरपूर पाणी द्यावे. आळ्यात कडुलिंबाची वा आंब्याची वाळलेली पाने चार बोटे जाडीने पसरावीत. ती जाळू नयेत. पानांचे हे आच्छादन बुंध्यास चिकटू देऊ नये, वीतभर अंतर सोडावे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आधाराची काठी काढून टाकावी आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी पंधरा दिवसांवर न्यावे. पाने मलूल होऊन सकाळी पुन्हा ताठ होत असतील तर झाड सावरले आहे. सकाळीही मलूलच दिसली तर एक पाणी द्यावे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांकडे दोन-तीन आठवडे जाणाऱ्यांसाठी एक जुनी युक्ती आहे. कच्च्या भाजणीचे, न रंगविलेले मातीचे मडके प्रत्येक रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून वर झाकणी ठेवावी. पाणी मडक्याच्या अंगातून हळूहळू झिरपते आणि वरच्या वर उडून जात नाही. शेजाऱ्यांना रोज नळी धरण्याची विनंती करणे संकोचाचे असते. आठवड्यातून एकदा बारा मडकी भरून देण्यास मात्र कोणी नाही म्हणत नाही.